दहा ग्रॅमला वाकणारा धागा

मुलगी: पासपोर्ट तीन. नकाशे दोन, एक ट्रामचा आणि एक चालायचा. बघायच्या जागा चौदा, त्यातल्या चढावरच्या नऊ. किल्ल्याच्या पायऱ्या दोनशे अकरा. त्या मी फोटो मोठा करून मोजल्यात, त्यामुळे पाच-सात इकडेतिकडे. बिनशिवणीचे मोजे सहा जोड. हातआरसा एक. धागा एक.

मावशी: आणि मावशी एक. ती कुठे धरलीस?

मुलगी: तू पासपोर्टात आलीस.

मावशी: ऐकलंस ताई? हिला अंगाखांद्यावर खेळवली, आणि शेवटी मी पासपोर्टात आले.

आई: तिचं मोजून होऊ दे गं छोटे. मध्ये बोललं की ती पहिल्यापासून सुरू करते.

मुलगी: झालं मोजून.

आई: काल जागा पंधरा होत्या.

मुलगी: दीपगृह काढलं. तिथल्या वाटेला कठडा नाही.

आई: बरं.

मावशी: बरं काय बरं! भांड की जरा. समुद्राकाठची राजधानी बघायला जायचं आणि दीपगृह यादीतून बाद. उद्या म्हणेल, समुद्रालाही कठडा नाही, तोही काढला.

मुलगी: मावशी, तिकिटं सहापर्यंत धरून ठेवलीत. आत्ता चार वाजून दहा झालेत. सहाच्या आत कळवलं नाही तर ती सुटतात, आणि मग वसंतातली मिळत नाहीत.

मावशी: नाही मिळाली तर उन्हाळ्यात जाऊ. ते शहर काय पळून जातंय? सातशे वर्षं तिथेच बसलंय ना?

मुलगी: उन्हाळ्यात तिथले दगड तापतात. आईचा तळवा भाजला तरी तिला कळणार नाही. हिवाळ्यात तिची बोटं आणखी बधिर होतात, आणि तिथे रस्ते ओले असतात. दोन्ही टाळलं की वसंतातले सहा आठवडे उरतात.

मावशी: मग पुढच्या वर्षीचे सहा आठवडे.

आई: पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

मावशी: ...बरं बाई. यंदाच.

मुलगी: म्हणून आत्ता चाचणी घ्यायची. नियम आपला ठरलेला आहे. दोन्ही पायांना दहापैकी आठ आले तर कळवायचं. नाही आले तर तिकिटं सोडायची.

मावशी: हा 'आपला' म्हणजे कोणाकोणाचा?

आई: तिचा.

मावशी: डॉक्टर तर म्हणाले, खुशाल जाऊन या, फक्त जपून.

मुलगी: जपून म्हणजे किती, ते नाही म्हणाले.

मावशी: आता त्यांनी काय सांगायचं, दीड किलो जपा?

मुलगी: तीन आठवड्यांपूर्वी आई दिवसभर बुटात काय घेऊन फिरत होती?

मावशी: झाकण. बाटलीचं.

मुलगी: पत्र्याचं. दातेरी. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मोजा लाल झालेला तुला दिसला, म्हणून कळलं.

आई: मला वाटलं, घाम आलाय.

मावशी: काय ती औषधं तरी! गाठ गेली ते बरंच झालं गं, पण जाताना हातापायांची जाणीवही घेऊन गेली. चोर निघून गेला, आणि वर स्वयंपाकघरातली भांडीही नेली.

मुलगी: परत येते हळूहळू. सगळ्यांची येत नाही, पण आईची येतेय. ही वही बघ. पहिल्या महिन्यात डावा तीन, उजवा चार. मग पाच आणि पाच. गेल्या महिन्यात आठ आणि सात. रेघ चढतेय.

मावशी: मग झाकण कसं नाही कळलं?

मुलगी: तेच मला जुळत नाहीये. मोजा जाड असेल त्या दिवशी. आई, पाय स्टुलावर ठेव. डोळे मीट.

आई: मिटले.

मावशी: हाच का तो धागा? मला वाटलं, काही यंत्रबिंत्र असेल. हा तर माझ्या पार्लरमधल्या ब्रशचा केस.

मुलगी: नायलॉनचा आहे. टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅम जोराला वाकतो. वाकला की उचलायचा. ज्या पायाला एवढं कळतं त्याला बुटातलं झाकण कळतं. तू लिही. आई 'हो' म्हणाली की बरोबरची खूण, गप्प राहिली की फुली. आधी डावा पाय, दहा जागा.

मावशी: लिहिते. आयुष्यात पहिल्यांदा ताईची परीक्षा माझ्या हातात आलीय. शाळेत ही माझ्या पाटीवर फुल्या मारायची.

आई: तू सातात नऊ मिळवून पंधरा करायचीस.

मुलगी: सुरू करते. दोघी गप्प.

आई: हो.

मावशी: एक.

आई: हो.

मावशी: दोन. वा ताई!

मुलगी: वा नको म्हणू. तिला कळता कामा नये, बरोबर आलं की चूक.

आई: हो.

मावशी: तीन. मनातल्या मनात वा.

आई: हो.

मावशी: थांब गं, पेन रुसलं. उठेना.

आई: हो.

मावशी: अगं दोन मिनिटं! चौथी खूणच उमटली नाही, पाचवी कुठे काढू? हं. आलं. चार... पाच.

मुलगी: पाचवी लिहू नकोस.

मावशी: का? म्हणाली की ती हो.

मुलगी: आई, डोळे मिटूनच ठेव. आपण पुढे जाऊ. मावशी, तू फक्त ऐक, नंतर लिही.

आई: हो. ...हो. ...हो. ...हो.

मावशी: चार. म्हणजे एकूण आठ, की नऊ? पाचवी धरायची की नाही ते सांग. पास झाली ना पण?

मुलगी: डोळे उघड आई.

आई: झालं?

मुलगी: मावशीचं पेन अडलं तेव्हा मी हात मध्येच थांबवला होता. तू तरी 'हो' म्हणालीस. म्हणून नंतरच्या चारही वेळा मी धागा माझ्या मांडीवर ठेवला. तुला हातच लावला नाही.

मावशी: एकदाही नाही?

मुलगी: एकदाही नाही. चारला चार हो.

मावशी: ताई!

आई: मी खोटं बोलत नव्हते.

मुलगी: मी तसं म्हटलं नाही.

आई: तू श्वास धरतेस.

मुलगी: काय?

आई: टोचायच्या आधी. तुझा श्वास थांबतो, मग जरा वेळाने सुटतो. थांबला की मला कळतं, आता टोचणार. आणि मग वाटतं, टोचलं. पहिल्या महिन्यात माझ्या ध्यानात नव्हतं आलं. पुढे पुढे आलं. पण तेव्हा मला सांगता येईना, की लागलं म्हणून हो म्हणतेय की ऐकू आलं म्हणून.

मुलगी: मी श्वास धरते?

आई: ताप बघतानाही धरायचीस. थर्मामीटर वाजेपर्यंत. वर्षभर.

मावशी: अगं, सत्तावीस वर्षं टाइल्सच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर उभी राहिलेली बाई ती. टाइलवर टकटक करून आतली केसाएवढी चीर सांगायची. तिच्यापुढे बसून तू श्वास लपवतेस?

मुलगी: मला माहीत असतं तर लपवला असता. म्हणजे वहीतली रेघ पायांची नाहीये. पायांचं काहीच सुधारलेलं नाही. माझा श्वास ओळखण्यात तू दर महिन्याला तरबेज होत गेलीस, आणि ते मी आलेखावर काढलं. निळ्या शाईने.

मावशी: काढलास तो छानच काढलास गं.

मुलगी: रोज प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासायला घेतो तेव्हा त्यांच्यात एक कोरी लावतो आम्ही. नुसतं शुद्ध पाणी. त्या कोऱ्यात काही सापडलं तर समजायचं की दोष आपल्या हातात आहे, आणि त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यायचं. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. नळाच्या पाण्याला मी कोरी बाटली लावते, आणि तुला चार महिन्यांत एकदाही लावली नाही.

आई: मी पाणी नाहीये, म्हणून असेल.

मुलगी: हे कारण नाही होऊ शकत.

मावशी: वाजले किती?

मुलगी: चार पस्तीस. पहिल्यापासून घ्यायची. या वेळी आईला ऐकू येता कामा नये. कापूस घालू कानात?

आई: कापसातून ऐकू येतं.

मावशी: कापूस, आणि वर माझा हेअर ड्रायर. पिशवीत आहे, पार्लरमधून थेट इकडेच आलेय. तो लावला की माझ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या नवऱ्यांचे फोनसुद्धा ऐकू येत नाहीत. सुखाचे दिवस असतात बिचाऱ्यांचे.

मुलगी: चालेल. प्रत्येक पायाला दहा खऱ्या आणि तीन कोऱ्या. कधी कोरी ते मी आधीच कागदावर ठरवून ठेवते. आई, लागलं तरच हो म्हण. वाटलं म्हणून नको.

आई: या दोन्हींतला फरक मला कळला असता तर काय हवं होतं? लाव तुझा ड्रायर, छोटे. गरम नको, गार लाव.

(हेअर ड्रायर सुरू होतो. त्याच्या घरघरीत पुढचं बोलणं.)

मावशी: ताई! ए ताई! हिला काही ऐकू जात नाही बघ. ए, तुझ्या लेकीचं नाक नकटं आहे! ...ढिम्म. छान. चालू दे.

मुलगी: एक. गप्प. फुली.

मावशी: फुली.

मुलगी: दोन. फुली. तीन, ही कोरी होती, गप्प, बरोबर. पुढची. फुली.

मावशी: सगळ्या फुल्याच?

मुलगी: टाचेला कदाचित... नाही. फुली.

आई: हो!

मुलगी: ही खरी. तळव्याचा खळगा. खूण कर.

मावशी: केली. आता एक सांग, ऐकू येत नाहीये तिला तोवर. आठ आले असते तर खरंच नेलं असतंस?

मुलगी: माहीत नाही. फुली.

मावशी: मग नियम कशाला केलास?

मुलगी: नियम असला की मला ठरवावं लागत नाही. कोरी. गप्प.

मावशी: आणि ती तिथे पडली, तर नियमाने केलं असं म्हणणार?

मुलगी: फुली. कोरी, गप्प. फुली. फुली. लिही ना मावशी.

मावशी: लिहिते गं. तू तेवढा श्वास घे अधूनमधून. आता तिला ऐकू येत नाही, आता धरून काय उपयोग?

आई: हो!

मुलगी: खरी. डावा संपला. दुसरा पाय घेते.

मावशी: घे. माझा हात भरून आला. हे यंत्र धरून एवढा वेळ तर मी नवरीचे केसही वाळवत नाही.

मुलगी: फुली. फुली. कोरी, गप्प.

आई: हो!

मुलगी: खरी.

मावशी: ...तुला काही होतं का गं कधी? एवढं सगळं लिहिताना?

मुलगी: नाही. फुली. काही होत नाही. औषधं सुरू झाली त्या आठवड्यापासून नाही झालं. मी वाट बघितली थोडे दिवस. मग सोडून दिलं. फुली.

आई: हो! ...हो!

मुलगी: दोन्ही खऱ्या. फुली. कोरी, गप्प. फुली. कोरी, गप्प. फुली. झालं. बंद कर.

मावशी: हुश्श. खोली केवढी शांत झाली एकदम.

आई: काढू कापूस?

मुलगी: काढ. डावा दोन. उजवा तीन. कोऱ्या सहा, सहाही वेळा गप्प. म्हणजे आकडे खरे आहेत. पाच वाजून सहा मिनिटं.

मावशी: आणि नियम आठचा.

मुलगी: हो.

मावशी: मग?

मुलगी: मग काय. नियम आहे.

मावशी: अगं, पण बोल काहीतरी! दोघीही अशा बसल्यात, जणू शेजारणीचा निकाल लागलाय. ताई, तू तरी. रड, ओरड, मला शिव्या दे.

आई: तुला कशाला शिव्या देऊ? तू ड्रायर चांगला धरलास.

मावशी: मला ना तुमच्या या घरात गुदमरायला होतं कधीकधी.

आई: मलाही तसं काही व्हावं असं वाटतं. होत नाही. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, आता संपलं सगळं, तो दिवस आठवतो? तू बाकावर बसून हुंदके देत होतीस. हिने तारीख लिहून घेतली. मी बिस्किट खाल्लं.

मावशी: कसलं बिस्किट?

आई: कळलं नाही. चव कुठे होती?

मुलगी: तो दिवस बाविसावा होता. शेवटच्या औषधानंतरचा.

मावशी: बघ! बघ, हे असं!

आई: तिला नको बोलू. ती नसती तर मी कुठलं औषध कधी घ्यायचं तेही विसरले असते. ...यादी दे गं इकडे. माझी जागा कितवी आहे?

मुलगी: तुझी कुठली?

आई: भिंत.

मुलगी: अकरावी. धक्क्यामागच्या रस्त्यावरची.

आई: बाकीच्या तेरा कोणी घातल्या?

मुलगी: मी. एवढ्या लांब जाऊन एकच भिंत बघायची, हे मला पटेना.

मावशी: किल्ला माझा हं. वरून फोटो चांगले येतात म्हणतात.

आई: मला किल्ला नको होता.

मुलगी: तू बोलली नाहीस.

आई: तू पायऱ्या मोजत होतीस. मोजताना मध्ये बोललं की पहिल्यापासून सुरू करतेस.

मावशी: ही भिंत म्हणजे ती कॅलेंडरवरची ना? कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली?

आई: तीच. मुकादमाच्या टेबलावर होतं ते कॅलेंडर. एप्रिल संपला तरी मी त्याला पान उलटू दिलं नाही. अख्ख्या घराला बाहेरून टाइल, निळी, आणि समोर समुद्र. खाली लिहिलेलं, अडीचशे वर्षं जुनी. अडीचशे वर्षं खारा वारा खातेय ती. आम्ही बाथरूमच्या टाइलला दहा वर्षांची हमी द्यायचो, आणि तीसुद्धा देताना मुकादमाला खोकला यायचा.

मावशी: आमच्या पार्लरला लावलेल्या टाइलने तिसऱ्या वर्षी पोपडे सोडले.

आई: ती दुय्यम प्रतीची होती. फुकट मिळाली म्हणून तू नेलीस. मी नको म्हणाले होते.

मावशी: फुकट ते पौष्टिक.

आई: वरचा काचेसारखा थर असतो ना, ग्लेझ, तो आधी कडेला सुटतो. डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवलं की कडेला किंचित खरखर लागते, तेव्हा समजायचं, हिचे दिवस भरले. त्या भिंतीच्या कडा मला बघायच्यात. बोटाने. एवढंच होतं माझं. दीपगृह काढलंस तेव्हा मी बरं म्हटलं, ते खरंच बरं म्हणून म्हटलं.

मावशी: आणि कारखान्यात परत जाणार होतीस, त्याचं काय झालं?

आई: माझ्या टेबलावर कॅमेरा बसवलाय. मिनिटाला साठ टाइल्स बघतो म्हणे.

मावशी: मेला!

आई: चांगला आहे. चहाला उठत नाही.

मुलगी: हे मला कधी सांगितलं नाहीस.

आई: मुकादमाचा फोन आला त्या दिवशी तुझ्या वहीत माझ्या पांढऱ्या पेशी लिहायच्या होत्या. मग राहून गेलं.

मुलगी: नकाशा सरकव इकडे, मावशी. ट्रामचा नको, दुसरा. विमानतळावरून गाडी थेट धक्क्यापर्यंत जाते. धक्क्याच्या थांब्यापासून ती भिंत... पट्टी दे. एकशे चाळीस मीटर. चढ नाही, समुद्रसपाटीचाच रस्ता आहे. दगडी फरसबंदी आहे, पण सपाट. मुक्कामाचं हॉटेल त्याच रस्त्यावर घेतलं तर साठ मीटर.

मावशी: काय करतेयस?

मुलगी: तेरा जागा खोडतेय. एका भिंतीसाठी दहापैकी आठ लागत नाहीत. दोघींनी दोन्ही बाजूंनी हात धरला, निघताना बूट उलटे करून झटकले आणि रोज संध्याकाळी आरशात तळवे बघितले, तर दोन आणि तीनमध्येही होईल. जागा एक. चढावरच्या शून्य.

मावशी: अगं माझा किल्ला!

मुलगी: तू जा किल्ल्यावर. आम्ही दोघी खाली बसतो.

मावशी: एकटी जाऊन फोटो कोण काढणार माझा? जाऊ दे. खोड किल्लाही. कळव आता. सव्वापाच होऊन गेले.

आई: थांब. कळवू नकोस.

मावशी: आता काय?

आई: हाताचं बघ.

मुलगी: हातांचं आपण कधी घेतलं नाही. चालायला हात लागत नाहीत म्हणून.

आई: तू दोनदा म्हणाली होतीस, घेऊ या म्हणून. मीच नको म्हटलं. पायांचं काय, ते नेतील तिथे जायचं. हातांना विचारलं नाही एवढे दिवस. भांडी फुटतात, बटणं लागत नाहीत, ते दिसतंच. पण धाग्याने नाही विचारलं.

मावशी: मग आताही नको विचारू. जाऊ, भिंत बघू, बोट लावू. लागलं तर लागलं.

आई: आणि नाही लागलं तर? एवढ्या लांब जाऊन कॅलेंडरला हात लावल्यासारखंच होईल. ते कपाटाच्या दारातही होतं. नाही, तिने मोजावं. एकाही बोटाला लागलं नाही तर मीच येत नाही, तिकिटं सोडून द्या. एका जरी बोटाला लागलं तर जायचं.

मुलगी: एका बोटाला म्हणजे किती? पाचपैकी किती आले तर लागलं म्हणायचं?

आई: ते तू ठरव.

मुलगी: पाचपैकी तीन. शिवाय प्रत्येक बोटाला दोन कोऱ्या. कोरीला हो म्हणालीस तर ते बोट बाद.

आई: चालेल.

मावशी: या घरात नियमाशिवाय पाणीसुद्धा उकळत नाही. आण तो कापूस.

मुलगी: हात असा अधांतरी नको धरू. माझ्या हातावर ठेव. तळवा वर.

आई: तुझा हात गार आहे का गं?

मुलगी: हो. गार आहे.

आई: असं होय.

मावशी: डोळे मीट ताई. लावते ड्रायर. आणि तू, शास्त्रज्ञ बाई, श्वास घेत राहा. आधी डावा?

मुलगी: डावा. अंगठा. गप्प. गप्प. गप्प. कोरी. गप्प. गप्प. कोरी.

मावशी: शून्य.

मुलगी: दुसरं बोट. नाही. नाही. कोरी. नाही. कोरी. नाही. नाही.

मावशी: शून्य. डोळे किती घट्ट मिटलेत बघ तिने.

मुलगी: मधलं. शून्य. त्याच्या शेजारचं... शून्य. करंगळी...

आई: हो!

मुलगी: ही कोरी होती.

मावशी: म्हणजे?

मुलगी: बाद. डावा हात पुरा शून्य. पाच सदतीस. उजवा. आई, दुसरा हात. मावशी, तिच्या खांद्याला हात लावून खूण कर, तिला ऐकू येत नाही.

मावशी: केली. दिला तिने. बघ कशी बोटं पसरते, टेबलावर टाइल आल्यासारखी.

मुलगी: अंगठा. शून्य.

मावशी: शून्य.

मुलगी: तर्जनी.

मावशी: हे तिचं कामाचं बोट गं. याच्याने बघायची ती.

मुलगी: नाही. नाही. कोरी. नाही. नाही. कोरी. नाही.

मावशी: परत घे ना एकदा. एकदाच. तिला नाही कळणार.

मुलगी: परत नाही घेता येत. तर्जनी शून्य. मधलं.

आई: हो!

मुलगी: खरी. नाही. नाही. कोरी, गप्प. नाही. कोरी, गप्प. नाही. पाचपैकी एक.

मावशी: एक आहे ना पण!

मुलगी: तीन हवेत. चौथं बोट. नाही. कोरी. नाही. नाही. नाही. कोरी. नाही. शून्य.

मावशी: वाजले किती?

मुलगी: पाच सेहेचाळीस. करंगळी राहिली.

मावशी: टाइल बघताना ती करंगळी बाहेर काढून ठेवायची, चहाचा कप धरल्यासारखी. कधी टेकवायचीच नाही खाली. ...घे.

आई: हो!

मावशी: खरी?

मुलगी: बोलू नकोस.

आई: ...हो! ...हो!

मावशी: अगं, खरी की कोरी, तेवढं तरी...

मुलगी: मावशी, थांब.

आई: हो!

मावशी: झालं? बंद करू? केला बंद. ताई, काढ कापूस. ही अशी का बसलीय? ए, बोल की आता. श्वास घे आणि बोल.

आई: सांग गं. काय आलं ते वाचून दाखव.

मुलगी: उजवी करंगळी. धागा टेकवला पाच वेळा, हो चार. कोऱ्या दोन, दोन्ही वेळा गप्प. वेळ पाच वाजून एकावन्न मिनिटं.